दुबहारी हायड्रेंजिया : फुलाचा डोळा आणि बहाराची परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, नेरळहून मुरबाडकडे जाणाऱ्या मार्गावर कळंब हे गाव वसले आहे. भातशेतीचा हा मुलूख होय. परसात मोगरा, जास्वंद, तगर, अबोली, अनंत ही झाडे लावण्याची येथील घरांची जुनी रीत आहे. गेल्या काही दशकांत मुंबई-पुण्याच्या रहिवाशांनी तालुक्यात शेतघरे बांधली, रोपवाटिका वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर काही परकी झुडपेही परसात येऊन पोहोचली. हायड्रेंजिया हे त्यांपैकी एक.

हे झुडूप सहसा कुंडीत, ऐन फुलांत असताना विकत घेतले जाते. निळ्या वा गुलाबी फुलांचे डोईएवढे गुच्छ काही आठवडे टिकतात व मग फिकट होतात. त्यानंतर झुडपाला पाने येतात, ते वाढते, पण फुलत नाही. पौषात मोगऱ्याची छाटणी करावयाची, त्याच दिवशी त्याच कात्रीने हायड्रेंजियाचीही छाटणी होते. चैत्रात मोगरा कळ्यांनी भरतो. हायड्रेंजिया मात्र नुसता हिरवा राहतो. दुसऱ्या वर्षीही तेच घडते. चिठ्ठीवर तर 'पुन्हा पुन्हा फुलणारे' असे लिहिलेले असते. अखेर तिसऱ्या वर्षी ते झुडूप उपटले जाते आणि 'हे आपल्याकडे होत नाही' असा निर्णय दिला जातो.

या निर्णयात तथ्याचा अंश आहे. तो पुढे येईलच. परंतु अपयशाचे सगळेच खापर हवेवर फोडता येत नाही. माळ्याने झाड समजून घेतले ते एका शब्दाच्या आधारे, आणि तो शब्दच त्याला चुकीच्या काडीकडे घेऊन गेला. झाडाचे 'पुन्हा फुलणे' म्हणजे नेमके काय, ते मराठीत कोणत्या संज्ञेने सांगावे, आणि त्या संज्ञेवरून परसातील कृती कशी बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. वनस्पतीचा परिचय

हायड्रेंजिया हे नाव दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. पहिल्याचा अर्थ पाणी, दुसऱ्याचा पात्र. या नावाचा संबंध झाडाच्या तहानेशी जोडण्याचा मोह होतो. वस्तुतः ते नाव बीजकोशाच्या घागरीसारख्या आकारावरून पडले. लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात ते स्वीकारले, तेव्हा त्याच्यासमोर अमेरिकेतील जाती होती. घरोघरी लावली जाणारी मोठ्या पानांची जाती मूळची जपानची. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ साली तिचे वर्णन निराळ्याच प्रजातीत केले, आणि १८३० साली सेरिंजने ती हायड्रेंजियात आणली. जपानी भाषेत तिला 'अजिसाइ' म्हणतात.

ज्याला सामान्यतः फूल म्हटले जाते तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो, आणि त्यातील रंगीत पाकळ्या या पाकळ्या नसून निदले असतात. म्हणूनच हा गुच्छ इतके दिवस टिकतो. रंगाचे कारण मातीत आहे. आम्ल मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळते व निदलांतील रंगद्रव्याशी त्याचा संयोग होऊन निळा रंग येतो; मातीची आम्लता कमी झाली की ॲल्युमिनियम मुळांना मिळेनासे होते आणि तोच गुच्छ गुलाबी होतो. मातीचा सामू साडेपाचाच्या खाली असल्यास निळा, साडेसहाच्या वर असल्यास गुलाबी, असा ढोबळ नियम सांगता येतो. पांढऱ्या वाणांना हा नियम लागू पडत नाही.

जपानात अजिसाइचा फुलोरा जून-जुलैच्या पावसाशी निगडित आहे. कळंबलाही पाऊस त्याच महिन्यांत येतो, आणि तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. यावरून ही वनस्पती कोकणाच्या पायथ्याशी सहज रुजावी असे वाटते. परंतु जपानातील पावसाआधी जपानातील हिवाळा होऊन गेलेला असतो, आणि फुलाचा निर्णय त्या हिवाळ्याच्या तोंडाशी झालेला असतो. पाऊस हा केवळ त्या निर्णयाचा साक्षी होय.

३. फुलाचा डोळा कोठे असतो

झाड फुलते तेव्हा फूल निर्माण होत नाही. ते आधीच निर्माण झालेले असते व त्या वेळी उमलते. हा भेद बागकामात सर्वांत महत्त्वाचा आहे.

मोठ्या पानांच्या हायड्रेंजियात दिवस लहान होऊ लागले आणि हवा थंडावली की चालू वर्षाच्या काडीच्या टोकावरील डोळ्यात, तसेच त्याखालच्या काही डोळ्यांत, फुलाचा गर्भ तयार होतो. त्यासाठी साधारणतः १८ अंश सेल्सिअसखालचे तापमान सहा ते आठ आठवडे मिळावे लागते. त्यानंतर तो डोळा विश्रांती घेतो. हवा पुन्हा उबदार झाली की त्यातून पानांच्या काही जोड्या निघतात आणि त्यांच्या टोकाशी गुच्छ येतो. अर्थात्, या वर्षी उमललेला गुच्छ हा गेल्या वर्षीच्या काडीचा असतो. हिवाळ्यात ती काडी कापणाऱ्याने पुढील फुलोराच कापलेला असतो.

हायड्रेंजियाच्या सर्वच जातींची रीत अशी नाही. अमेरिकेतील झुडुपी जाती आणि पूर्व आशियातील शंक्वाकृती गुच्छांची जाती यांची फुले त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फुटीवर येतात. त्यांची हिवाळ्यात खोल छाटणी केली तरी काही बिघडत नाही. मोगऱ्याची रीतही हीच आहे. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकांवर येतात; म्हणून मार्गशीर्ष-पौषात छाटणी करून, पाणी तोडून, मग खत-पाणी दिले की फूट जोमाने निघते आणि जितकी फूट तितक्या कळ्या येतात. पालघर जिल्ह्याच्या विक्रमगड-जव्हार भागातील मोगऱ्याची शेती याच तत्त्वावर चालते. कळंबच्या परसातील माळी मोगऱ्याच्या बाबतीत जे करतो ते पूर्णपणे बरोबर असते. ते ज्ञान जसेच्या तसे हायड्रेंजियाला लावणे, एवढीच त्याची चूक.

आता 'पुन्हा फुलणाऱ्या' वाणांकडे वळू. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळा इतका कडक असतो की मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या काड्या जमिनीपर्यंत मरून जातात. तेथे हे झुडूप जगले तरी फुलणे अवघड. १९९८ साली तेथील बेली रोपवाटिकेत मायकेल डर या उद्यानविद्येच्या प्राध्यापकांच्या दृष्टीस एक झुडूप पडले. ते नव्या फुटीवरही फुललेले होते. त्याच्या कलमांपासून वाढविलेला वाण २००४ साली 'एंडलेस समर' या नावाने बाजारात आला, आणि त्यामागोमाग त्या गुणाचे अनेक वाण निघाले.

या वाणांचे वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. ते वर्षभर फुलत नाहीत. ते जुन्या काडीवर एकदा फुलतात आणि त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर आणखी एकदा फुलतात. दोन फुलोरे, दोन निरनिराळ्या काड्यांवर, दोन निरनिराळ्या अटींवर येतात. पहिल्यास मागील थंडी लागते. दुसऱ्यास थंडीची गरज पुष्कळच कमी, पण जोमदार नवी फूट मात्र अनिवार्य असते.

गुलाबाच्या बाबतीत या गुणाचे मूळ पेशीपर्यंत शोधले गेले आहे. युरोपातील जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. सतत फुलण्याचा गुण चिनी गुलाबांच्या संकरातून त्यांच्यात आला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, एकदाच फुलणाऱ्या गुलाबात फुलण्यास आवर घालणारे एक जनुक कार्यरत असते आणि सतत फुलणाऱ्या गुलाबात ते निकामी झालेले असते. म्हणजे तेथे पुन्हा फुलणे ही झाडाला लाभलेली नवी शक्ती नसून एका जुन्या अटकावाचा अभाव आहे.

४. 'बहार' : शब्दाचा प्रवास

मराठीत या घटनेसाठी घडीव संज्ञा आहे : बहार. हा शब्द फारसीतून आला. फारसीत त्याचा मूळ अर्थ वसंतऋतू. मध्य फारसीतील 'वहार' आणि प्राचीन फारसीतील 'वाहर' या रूपांतून तो आजच्या रूपास पोहोचला. संस्कृत 'वसंत', लॅटिन 'वेर' आणि ग्रीक 'एअर' हे त्याचेच सगोत्र शब्द होत. सर्वांच्या मुळाशी 'वस्' असा एकच अंश आहे. इराणी भाषांत स्वरमध्यस्थ 'स'चा 'ह' झाला, त्यामुळे 'वसंत' आणि 'बहार' यांचे नाते कानाला जाणवत नाही. अशा रीतीने मराठीत एकाच मूळ शब्दाची दोन रूपे, एक वारशाने आणि दुसरे उसनवारीने, शेजारी शेजारी नांदत आहेत.

मात्र दोघांनी अर्थाची वाटणी करून घेतली आहे. 'वसंत' ऋतूचे नाव राहिले. 'बहार' मराठीत ऋतूचे नाव राहिले नाही. ते झाडाच्या फुलण्याच्या एका खेपेचे नाव बनले. 'बहर' या रूपापासून 'बहरणे' हे क्रियापदही सिद्ध झाले, आणि त्याच्यात आता परकेपणाचा लवलेशही उरलेला नाही. 'बाग', 'बागाईत', 'कलम' या शब्दांबरोबर 'बहार' हाही फळबागांच्या व्यवहारात असा मुरला की त्यास पर्याय शोधण्याची गरज बागाईतदाराला कधी भासली नाही.

अर्थाचा हा बदल साधा नाही. वसंत वर्षातून एकदाच येतो, म्हणून फारसी 'बहार' एकच असतो. मराठी बागाईतदाराचे बहार तीन आहेत. मृग बहाराची फुले जून-जुलैत, हस्त बहाराची सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि आंबे बहाराची जानेवारी-फेब्रुवारीत येतात. पहिल्या दोहोंची नावे सूर्याच्या नक्षत्रांवरून, तिसऱ्याचे आंब्याच्या मोहराच्या काळावरून पडले. ऋतुवाचक शब्दाला ऋतूंचीच विशेषणे लावून त्याचे अनेकवचन करणारी ही भाषा, एकच झाड वर्षात अनेक वेळा फुलू शकते, हे गृहीत धरून चालते. 'पुन्हा फुलणे' ही कल्पना तिला नवी नाही.

५. बहार येणे आणि बहार धरणे

लिंबूवर्गीय फळझाडे, डाळिंब, पेरू यांना अनुकूल हवेत तिन्ही बहार थोडेथोडे येऊ शकतात. तसे होऊ दिल्यास एकही पीक धड हाती येत नाही. म्हणून बागाईतदार एक बहार निवडतो. फुलोऱ्याच्या आधी काही आठवडे पाणी तोडतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत अधिक. यास तो 'ताण देणे' म्हणतो. ताणाने वाढ थांबते, पाने पिवळी पडून काही गळतात, काडीत अन्नसाठा होतो. आणि पाणी पुन्हा सुरू करताच झाड एकदम फुलते. विदर्भातील संत्र्याच्या आंबे बहाराला पाण्याच्या ताणाबरोबर हिवाळ्याच्या थंडीचाही ताण साहाय्य करतो.

या क्रियेचे नाव 'बहार धरणे'. त्याची वाक्यरचना लक्षणीय आहे. 'झाडाने बहार धरला' असे म्हणतात आणि 'बागाईतदाराने मृग बहार धरला' असेही म्हणतात. झाडाने फूल धरणे आणि माणसाने झाडाकडून फूल धरवून घेणे या दोन निरनिराळ्या क्रिया होत. व्याकरणाच्या दृष्टीने दुसरीसाठी प्रयोजक रूप अपेक्षित आहे. पण बागाईतदार सहसा तसे रूप वापरीत नाही. झाडाचेच क्रियापद तो आपल्याकडे घेतो. याउलट 'बहार येणे' हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात झाडाला वा माणसाला काही करावयाचे नसते. 'धरणे' या क्रियापदात काळ, निवड आणि संयम या तिन्ही गोष्टी गृहीत आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. संत्र्याचा ताण हायड्रेंजियाला देता येत नाही. त्याची पाने रुंद व पातळ असतात. एका दुपारी पाणी चुकले तरी ती माना टाकतात, आणि दीर्घ ताणाने झुडूप मरते. त्याच्या जुन्या काडीला हवा असतो तो थंडीचा ताण. 'बहार' ही संज्ञा उचलताना तिच्यासोबत येणारी प्रत्येक कृती उचलावयाची नसते.

६. द्राक्षबागेची साक्ष

हायड्रेंजियाला अधिक जवळचा दाखला नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत आढळतो. तेथे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधील छाटणीस खरड छाटणी म्हणतात. तिच्यात वेल जवळजवळ बोडका केला जातो. त्यानंतर नव्या काड्या निघतात आणि छाटणीनंतर सुमारे ४० ते ६० दिवसांच्या काळात त्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. या काळात आभाळ भरून राहिले, काडीला ऊन मिळाले नाही, तर घड कमी धरतात. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी होते. ती त्या काडीचा शेंडा घडाच्या डोळ्यापर्यंत कापते, आणि त्या डोळ्यातून घड बाहेर येतो. कोणत्या डोळ्यावर छाटावे हे ठरविण्यासाठी बागाईतदार काड्या प्रयोगशाळेत पाठवून डोळे तपासून घेतात.

या व्यवहारात काडी, डोळा, फूट आणि छाटणी हे चार शब्द चार नेमक्या वस्तू सांगतात. डोळ्याच्या आत घड असतो पण दिसत नाही, ही गोष्ट द्राक्षाच्या बागाईतदाराला समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच तो गोडी छाटणीत कोणताही डोळा उडवून देत नाही. कोणत्या काड्या राखावयाच्या हे आधी ठरवितो. 'काडी राखणे' हा त्याचा शब्दप्रयोग आहे. हायड्रेंजियाच्या माळ्याला हवे असलेले सर्व ज्ञान या प्रयोगात सामावलेले आहे. फरक एवढाच की, द्राक्षात माणूस डोळ्यापर्यंत छाटतो, आणि हायड्रेंजियाचा फुलाचा डोळा बहुधा काडीच्या शेंड्यावरच असल्याने तेथे शेंडाच राखावा लागतो.

७. संज्ञेची निवड

आता अशा वाणांना मराठीत काय म्हणावे? प्रचारात येऊ शकणारे पर्याय क्रमाने तपासले पाहिजेत.

'बारमाही' वा 'बारमासी' हा शब्द वर्षभर चालणाऱ्या गोष्टीला लागतो. सदाफुलीला 'बारमासी' हेही नाव आहे आणि तिच्याबाबत ते यथार्थ आहे, कारण ती खरोखरच बाराही महिने फुलत असते. हायड्रेंजियाच्या बाबतीत ते असत्य होय.

'सदाबहार' हा शब्द दिसावयास देखणा, पण दुहेरी दोषाचा. हिंदीत तो सदाहरित या अर्थानेही वापरला जातो, आणि पानांचा हिरवेपणा व फुलांचा बहार यांची त्यात सरमिसळ होते. शिवाय 'सदा' या शब्दाने माळी निर्धास्त होतो. जे झाड सदा फुलणार, त्याला कात्री केव्हा लावली तरी फरक पडू नये, असा त्याचा तर्क होतो. परसातील प्रत्यक्ष चूक येथून सुरू होते.

'पुनःपुष्पी' ही संस्कृत घडणीची संज्ञा परिभाषाकोशाला शोभणारी आणि अर्थाने बिनचूक आहे. इंग्रजी शब्दाचा आणि 'पुन्हा वर चढणे' या क्रियापदापासून बनलेल्या फ्रेंच 'रमोंतां' या उद्यानसंज्ञेचा आशय तिच्यात येतो. पण पुन्हा फुलणे एकाच काडीवर की दुसऱ्या, याविषयी ती मूक आहे.

व्यापारी नाव तर सर्वांत फसवे. 'एंडलेस समर' म्हणजे न संपणारा उन्हाळा. मिनेसोटासारख्या हिमप्रदेशात ते नाव आशेचे आहे. कळंबला उन्हाळा न संपणे हीच तर झाडाची खरी अडचण होय.

यास्तव 'दुबहारी' हा शब्द सुचविता येतो. 'दु' हा मराठीचा स्वतःचा उपसर्ग आहे : दुपदरी, दुपाखी, दुपेडी. अरबी मूळ शब्दाला तो लागल्याचे 'दुमजली' हे रूढ उदाहरण असल्याने फारसी 'बहारा'शी त्याचा जोड शास्त्रदृष्ट्या आक्षेपार्ह ठरत नाही. शिवाय 'दुबार पीक', 'दुबार पेरणी' या शेतीच्या शब्दांमुळे तो कानाला ओळखीचा वाटतो. मुख्य म्हणजे 'दुबहारी' म्हणताच दोन बहार मोजले जातात; आणि दोन मोजले की प्रत्येकाची काडी कोणती, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्याच न्यायाने सामान्य हायड्रेंजियाला 'एकबहारी' म्हणता येईल. कळंब गावाचे नाव ज्या वृक्षनामाशी एकरूप आहे तो वृक्षही एकबहारीच आहे. संस्कृत 'कदंब' प्राकृतात 'कलंब' होतो, हेमचंद्राने आपल्या व्याकरणात त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे, आणि त्या 'कलंबा'पासून मराठी 'कळंब' आला. यवतमाळ व धाराशिव जिल्ह्यांतील कळंब हीही त्याच नावाची गावे. कदंब पहिल्या पावसाबरोबर फुलतो हा संस्कृत कवींचा आवडता संकेत आहे. वर्षाला त्याची एकच खेप असते.

८. कळंबच्या परसात

या विवेचनावरून कृती निश्चित करणे अवघड नाही. दुबहारी वाणाचे दोन बहार दोन निरनिराळ्या क्रियापदांनी सांगता येतात : पहिला बहार राखावयाचा असतो, दुसरा धरावयाचा.

पहिला बहार राखणे म्हणजे गेल्या वर्षीच्या काडीचा शेंडा वाचविणे. आश्विनापासून माघापर्यंत या झुडपाला कात्री लावू नये. मोगऱ्याच्या छाटणीचा दिवस हायड्रेंजियाचा नव्हे. डिसेंबर-जानेवारीत कळंबला रात्री गारवा असतो, दिवस मात्र उबदार राहतात. डोंगरावरील माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने तेथील गारवा येथे मिळत नाही. जो मिळतो तो पूर्णपणे मिळावा म्हणून कुंडी या दिवसांत भिंतीच्या आडोशाला वा पडवीत न ठेवता रात्री उघड्यावर ठेवावी. पाणी कमी करावे, तोडू नये. माघात डोळे फुगू लागल्यावरच वाळलेल्या काड्या काढाव्यात. काडी मेली की जिवंत आहे हे नखाने साल किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे दिसल्यास ती राखावी.

दुसरा बहार धरणे म्हणजे नवी फूट मिळविणे. पहिल्या बहाराचे गुच्छ फिकट झाले की त्यांच्या लगत खाली असलेल्या सशक्त डोळ्यांच्या जोडीवर कापावे, अधिक खाली जाऊ नये. नंतर शेणखत वा कुजलेला पालापाचोळा द्यावा. नत्रयुक्त खत भरपूर दिल्यास पाने वाढतात आणि फूल मागे पडते. पावसाळ्यात फूट जोमाने येते. मात्र कुंडीत पाणी साचल्यास मुळे कुजतात, म्हणून तळाचे भोक मोकळे असावे आणि कुंडी विटांवर उचलून ठेवावी. श्रावण सरल्यावर गुच्छ काढण्याखेरीज काहीही छाटू नये, कारण तेव्हाच्या फुटीवरच पुढील वर्षाचा डोळा तयार व्हावयाचा असतो. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत सकाळचे ऊन आणि दुपारची सावली असलेली पूर्वेकडील जागा द्यावी, आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

रंग निळा हवा असल्यास घरची तुरटी उपयोगी पडते, कारण तुरटीत ॲल्युमिनियम असते. ती पाण्यात अगदी पातळ विरघळवून अधूनमधून द्यावी. जास्त झाल्यास मुळांना इजा होते. विंधणविहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास मातीची आम्लता घटते आणि गुच्छ गुलाबीकडे झुकतो. पावसाचे साठविलेले पाणी या कामी उत्तम.

रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर विसंबण्याचेही कारण नाही. झुडूप एकबहारी आहे की दुबहारी, याची परीक्षा घरच्या घरी करता येते. कार्तिकात झुडपावरील प्रत्येक काडीला सुतळीचा एक तुकडा बांधावा. पुढील वर्षी सुतळी बांधलेल्या काडीतूनच निघालेल्या डहाळीवर गुच्छ आला, तर तो पहिला बहार होय. बुडातून निघालेल्या, सुतळी नसलेल्या नव्या फुटीवर गुच्छ आला, तर झुडूप दुबहारी आहे. बांधलेल्या काड्यांवर काहीच न येता केवळ नव्या फुटीवर गुच्छ आल्यास थंडी अपुरी पडली किंवा शेंडे कापले गेले असे समजावे. ते शेंडे शाबूत असतील तर कारण थंडीचे. नसतील तर कात्रीचे. अशा रीतीने एका वर्षाच्या निरीक्षणात हवेचा दोष आणि माणसाचा दोष वेगळे करता येतात.

एकबहारी वाणाकडून कळंबला फार अपेक्षा करता येत नाही, कारण त्याचा एकमेव बहार येथील अपुऱ्या थंडीवर अवलंबून असतो. 'हे आपल्याकडे होत नाही' या निर्णयातील तथ्य एवढेच. दुबहारी वाणाचा पहिला बहार येथे हुकला तरी दुसऱ्याला वाव उरतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या झुडपांची बरोबरी तो करणार नाही. पण तिसऱ्या वर्षी झुडूप उपटावे लागणार नाही.

९. समारोप

परकी वनस्पती घरात येते तेव्हा तिच्यासोबत परकी संज्ञाही येते, आणि ती संज्ञा दुसऱ्या हवेत, दुसऱ्या गरजेतून घडलेली असते. तिचे भाषांतर करताना केवळ शब्दाला शब्द शोधला तर 'सदाबहार'सारखा सुंदर पण निरुपयोगी पर्याय हाती लागतो. मराठीत फळबागेने, द्राक्षबागेने आणि मोगऱ्याच्या शेतीने बहार, ताण, काडी, डोळा, फूट, राखणे, धरणे ही परिभाषा पूर्वीच तयार करून ठेवली आहे. तिच्यातील प्रत्येक शब्दामागे एक कृती आहे, आणि चुकीची कृती केल्यास काय गमवावे लागते याचा अनुभव आहे. परिभाषा घडविणाऱ्या अभ्यासकाने कोशाबरोबर या व्यवहाराकडेही पाहावे.

पौषात कात्री हाती घेणाऱ्या माळ्याला 'हे झाड पुनःपुष्पी आहे' असे सांगितल्याने त्याचा हात थांबणार नाही. 'याचा पहिला बहार या शेंड्यात आहे, ही काडी राखा' असे सांगितल्यास तो थांबेल, कारण ही त्याचीच भाषा आहे.